मुंबईचं पाणी: कुठे पोहायचं, कुठे गळ टाकायचा आणि कुठे नुसतं बघायचं

माझा भाचा कराडहून नोकरीसाठी मुंबईत आला. प्रीतिसंगमावर वाढलेला, कृष्णा आरपार पोहून जाणारा गडी. पहिल्याच रविवारी त्याने विचारलं, "मामा, जुहूला पोहायला जायचं तर तिकीट वगैरे असतं का?"

तिकीट नसतं, आणि घोळ तिथेच होतो. जलतरण तलावाला फाटक असतं, वेळ असते, शिट्टी वाजवणारा माणूस असतो. समुद्राला दार नाही, म्हणून नियमही नसतील असं वाटतं. नियम आहेत, फक्त ते एका फलकावर एकत्र लिहिलेले सापडत नाहीत. त्याला जे तुकड्यातुकड्यांनी सांगितलं तेच इथे जरा ओळीने सांगतो. मुंबईत नव्याने आलेल्या आणि पाणी दिसलं की पाय शिवशिवणाऱ्या प्रत्येकासाठी.

पहिली पायरी: हे पाणी कोणाचं, ते बघा

आपण सरसकट "बीएमसीची चौपाटी" म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. गिरगाव, दादर-माहीम, जुहू, वर्सोवा, अक्सा, गोराई इथली साफसफाई, दिवे आणि जीवरक्षक ही कामं महापालिका बघते. पण भरतीच्या रेषेखालची जमीन राज्य सरकारची, म्हणजे कारभार जिल्हाधिकाऱ्यांचा. आणि मुंबईत जिल्हे दोन आहेत, शहर आणि उपनगर. मार्वे-मनोरीसारख्या ठिकाणच्या प्रवासी जेट्ट्या आणि पाण्यावरचे खेळ यांसाठी महाराष्ट्र सागरी मंडळ. पूर्वेकडचा किनारा, शिवडी-माझगावकडचा, बराचसा मुंबई बंदर प्राधिकरणाचा. कांदळवन वन विभागाचं. कुलाब्याला आणि अक्साच्या शेजारी आयएनएस हमला इथे नौदल. ट्रॉम्बेला अणुसंशोधन केंद्र.

हे सगळं पाठ करायची गरज नाही. एवढंच करा: पोहोचल्यावर आधी फलक शोधा आणि त्याच्या तळाशी कोणाचं नाव आहे ते वाचा. नौदलाचं, बंदराचं किंवा अणुऊर्जा विभागाचं नाव दिसलं की गळ पिशवीत आणि मोबाइल खिशात. तिथे वाद घालणाऱ्याची संध्याकाळ चौकीत जाते. महापालिकेचा फलक असेल तर पुढे वाचा, आणि "मनाई" हा शब्द असेल तर प्रश्न मिटला. शेजारी दहा जण डुंबत असले तरी मिटला.

दुसरी पायरी: भरतीचं गणित

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. नदीत पाणी वरून खाली जातं, बस. मुंबईच्या समुद्रात ते दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं, आणि वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. काल चारला पाणी दूर होतं म्हणून आजही असेल, हा हिशेब चुकतो.

मोबाइलमध्ये भरतीचं वेळापत्रक मिळतं, ते बघाच. पण किनाऱ्यावरची माणसं कॅलेंडरवरूनच सांगतात. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं. येईल तो पूर्ण भरतीचा अंदाजे तास. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. म्हणजे दुपारी तीनच्या आणि पहाटे तीनच्या सुमाराला भरती, आणि नऊच्या आसपास ओहोटी. अष्टमीला सहा. अमावस्या-पौर्णिमेला सव्वाअकरा-बारा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण पाण्यात उतरायचं की नाही हे ठरवायला पुरेसं आहे.

आता यातली मेख बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, म्हणजे पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात खाली जातं. त्या दिवसांत ओहोटी येते संध्याकाळी सहाच्या सुमाराला, नेमकी गर्दीच्या वेळी. अक्साला, जुहूला समुद्र लांबवर आत गेलेला असतो, ओली वाळू चकचकत असते, आणि लोक सूर्यास्ताचे फोटो काढत चालत चालत खूप आत जातात. मग अंधार पडतो आणि पाणी वळतं. सपाट किनाऱ्यावर ते समोरूनच येईल असं नाही. वाळूच्या उंचवट्यावर उभे असाल तर आधी मागच्या सखल पट्ट्यात भरतं, आणि वळून बघेपर्यंत तुमच्या आणि किनाऱ्याच्या मधे पाणी. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा चढउतार कमी. नवख्या माणसाने समुद्राशी ओळख करून घ्यायची तर भांगाच्या दिवसांत, सकाळी.

भरती कोणासाठी थांबत नाही याचा पुरावा हवा असेल तर २०२५ चं गणेश विसर्जन आठवा. गिरगाव चौपाटीवर लालबागच्या राजाला भरतीमुळे कित्येक तास ताटकळावं लागलं.

पावसाळ्यात महापालिका साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीचे दिवस आधीच जाहीर करते. ती यादी फोनमध्ये ठेवा. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल त्या दिवशी चौपाट्या सकाळी सहा ते दहा एवढाच वेळ खुल्या, असा आदेश महापालिकेने २०२२ च्या पावसाळ्यात काढला होता. त्या त्या वर्षीचा आदेश बघून घ्यायचा. आणि जून ते सप्टेंबर समुद्रात पोहणं हा विषयच नाही. जून २०२३ मध्ये बिपरजॉय वादळ दूर गुजरातकडे निघालं होतं, मुंबईत पाऊसही धड नव्हता, तरी जुहू कोळीवाड्याजवळ लाटांनी मुलांना ओढून नेलं आणि चार जणांचा जीव गेला. वादळ लांब आहे म्हणून लाट लांब नसते.

तिसरी पायरी: पोहायचंच असेल तर

विहिरीत किंवा नदीत पोहायला शिकलेल्यांशी जरा स्पष्ट बोलतो, कारण मीही त्यातलाच. विहिरीत चार हातांवर कठडा असतो. समुद्रात कठडा नाही, तळ एकसारखा नाही आणि पाणी स्वतः चालत असतं. आपल्याला पोहता येतं हा भरवसाच माणसाला खोल नेतो.

जीवरक्षक कुठे उभा आहे ते बघा आणि त्याच्या समोर उतरा. लाजू नका, सरळ जाऊन विचारा, "दादा, आज कुठवर जाऊ?" कुठे खड्डा पडलाय आणि कुठून पाणी ओढतंय हे त्याला रोजच्या रोज माहीत असतं. लाल झेंडा म्हणजे पाण्यात नाही. अर्धे लाल अर्धे पिवळे असे दोन झेंडे लावले असतील तर त्यांच्या मधला पट्टा तुमचा. तो शिट्टी वाजवतो तेव्हा ती दुसऱ्या कोणासाठी असेल असं धरून चालू नका. जीवरक्षक जागेवर नसेल, किंवा अंधार पडला असेल, तर गुडघ्यापर्यंतही नको.

अक्साबद्दल वेगळं सांगायला हवं. दिसायला सगळ्यात मोकळा, सगळ्यात सुंदर किनारा, आणि बुडण्याच्या बातम्या वर्षानुवर्षं तिथूनच येतात. तिथली वाळू जागा बदलते. काल कमरेइतकं पाणी होतं तिथे आज खड्डा असतो. अक्साला मी पाय भिजवतो आणि परत येतो.

खाडीच्या तोंडापासूनही लांब राहा: मार्वे-मनोरीची खाडी, वर्सोव्याची, माहीमची. ओहोटी लागली की अख्ख्या खाडीतलं पाणी त्या अरुंद तोंडातून बाहेर पडतं आणि त्या ओढीपुढे चांगला पोहणारा थकतो. अशा ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने तोंड करून झगडू नका. दम टिकवा, तरंगत राहा, हात वर करून हाका मारा आणि किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत ओढीच्या बाहेर या. मगच किनाऱ्याकडे वळा.

जीन्स, साडी, ओढणी पाण्यात वजनाचा दगड होते. दारू पिऊन उतरणाऱ्याला मित्रांनी धरून बसवावं. हवा भरलेली ट्यूब हे पोहण्याचं साधन नाही. जमिनीवरून वारा सुटला की ती लहान मुलासकट आत जाते.

आता पाण्याच्या स्वच्छतेविषयी. आंघोळीलायक समुद्रपाण्यात शंभर मिलिलिटरमागे मलजन्य जिवाणू शंभरच्या वर नकोत, असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं मानक आहे. शहराचं सांडपाणी नीट शुद्ध करायला वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, वर्सोवा आणि भांडुप इथे सात नवी केंद्रं बांधायला घेतली आहेत, यावरूनच आजवर समुद्रात काय जात आलंय याची कल्पना यावी. गिरगाव किंवा दादरच्या पाण्यात मी डोकं बुडवत नाही. अंगावर जखम असेल, पाऊस पडून एक-दोन दिवसच झाले असतील किंवा जवळ नाल्याचं तोंड असेल, तर कुठल्याच किनाऱ्यावर उतरू नका.

खरं सांगू का, ज्याला रोज पोहायचं आहे त्याने महापालिकेच्या तलावाचं सभासदत्व घ्यावं. शिवाजी पार्कचा महात्मा गांधी स्मारक जलतरण तलाव आहे, चेंबूर, अंधेरी, कांदिवली, दहिसर इथेही आहेत. जागा भरतात, तेव्हा नोंदणी कधी उघडते यावर लक्ष ठेवा. भाच्याला शेवटी तिथेच घातला.

जिथे उतरायचंच नाही

मरीन ड्राइव्हचे चौपायी काँक्रीटचे दगड, ज्यांना टेट्रापॉड म्हणतात, ते बसायला ठेवलेले नाहीत. लाटेचा जोर मोडायला टाकलेत. त्यांच्या फटीत पडलेला माणूस काढायला अग्निशमन दलाला घाम फुटतो. मोबाइल पडला तर गेला म्हणा. बँडस्टँडचे खडक ओहोटीला कोरडे दिसतात, पण त्यावर शेवाळ असतं. जानेवारी २०१६ मध्ये तिथे सेल्फी काढताना एक तरुणी वाहून गेली, वाचवायला उडी मारलेला माणूसही गेला. त्यानंतर पोलिसांनी शहरात 'नो सेल्फी झोन' ठरवले. हाजी अलीचा रस्ता भरतीला पाण्याखाली जातो, तेव्हा जाताना परतीची वेळ धरूनच जा.

आणि तलाव. विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे पिण्याच्या पाण्याचे तलाव आहेत, आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आहेत. तिथे पोहणंही नाही आणि गळही नाही, त्यात मगरी. पवई १८९१ चा. त्याचं पाणी पिण्याला चालत नाही म्हणून लोक त्याला आपला समजतात, पण मगरी तिथेही आहेत आणि थंडीत काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात. पवईत पोहायचं नाही. कितीही कडक ऊन असो.

चौथी पायरी: गळ टाकायचा असेल तर

पवईला गळाची हौस भागते, पण मनाला येईल तिथे बसून नाही. तलावाकाठी महाराष्ट्र स्टेट अँग्लिंग असोसिएशन ही हौशी गळकऱ्यांची जुनी संस्था आहे. तिथे जाऊन चौकशी करा, परवानगीचं काय ते समजून घ्या. कटला, रोहू, मृगळ असे गोड्या पाण्यातले मासे, आणि कणकेच्या गोळ्याचं आमिष. गोड्या पाण्याच्या तलावांत मासेमारीचा हक्क बहुधा कोणाला तरी दिलेला असतो, हे महाराष्ट्रात कुठेही लक्षात ठेवा. 

समुद्राचं वेगळं. १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्यातला परवाना मासेमारी नौकेचा असतो. काठावर काठी घेऊन बसलेल्या हौशी माणसावर त्या कायद्याचा रोख नाही. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी यांत्रिक नौकांना असते. पण याचा अर्थ तुम्ही जुलैत वरळीच्या खडकांवर गळ घेऊन उभं राहावं असा नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत नाखवा दर्यात जात नाही, तर तुम्ही कोण?

जागा निवडताना तीन गोष्टी बघा. मागून माणसं चालत नसावीत: समुद्राकाठच्या फिरायच्या वाटेवर गळ मागे झुलवून फेकला की तो कोणाच्या तरी गालात अडकतो, आणि मी हे बघितलेलं आहे. वर विजेच्या तारा नसाव्यात. आणि कोळ्यांची वाट अडत नसावी. वरळी कोळीवाड्याच्या क्लीव्हलँड बंदरातून होड्या बाहेर पडाव्यात म्हणून तिथल्या कोळ्यांनी झगडून कोस्टल रोडच्या पुलाच्या खांबांमधलं अंतर ६० मीटरवरून १२० मीटर करून घेतलं. त्या वाटेत आपला तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, सोडून बसणं बरं दिसत नाही. पाण्यात खुंट किंवा तरंगणारे बुयारे दिसले की खाली कोणाचं तरी जाळं आहे असं समजा. जेट्टीवर होडी लागत असेल तर उठून जागा द्या, "या नाखवा" म्हणा. अशा ओळखीतून पुढे आमिषाची कोलंबीही मिळते आणि आज काय लागतंय तेही कळतं.

वेळ: भरती चढताना दोन तास उत्तम. पूर्ण भरतीला पाणी थबकतं आणि मासाही थबकतो. खडकावर बसला असाल तर परतीची वाट बुडायच्या आत उठायचं, मासा लागत असला तरी. तेव्हाच उठवत नाही, हे मला मान्य आहे.

काय लागतं? नशिबाने जिताडा, तांबोशी, काळुंद्र, बोय. नशीब नसेल तर शिंगाळा. शिंगाळ्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना काटा असतो, तो लागला की हात दिवसभर ठणकतो. हाताने धरू नका. चिमट्याने किंवा जाड फडक्याने धरा, गळ सुटत नसेल तर तंगूस कापा.

ठेवायचं काय आणि सोडायचं काय, हे महत्त्वाचं. राज्य सरकारने २०२३ मध्ये माशांच्या पन्नासहून अधिक जातींची किमान लांबी ठरवून दिली. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८० मिलिमीटर, याहून लहान पकडायचे नाहीत. पापलेट तर त्याच वर्षी राज्य मासा ठरलं. गळाला पापलेट लागत नाही ते सोडा, पण तत्त्व तेच: पिल्लू लागलं तर हात ओला करून धरा आणि परत सोडा. अंडी पोटाशी घेतलेली चिंबोरी सोडा. समुद्री कासव, समुद्री घोडा, करवत मासा, काही जातींच्या मुशी (शार्क) आणि पाखटं (शेपटीला काटा असलेले चपटे मासे) यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. ओळख पटत नसेल तर तंगूस तोंडाजवळ कापून सोडून द्यायचं, फोटोसाठी वर ओढत बसायचं नाही. प्रवाळसुद्धा त्याच कायद्यात येतं. हाजी अली, वरळीच्या खडकांवर ते आहे. कोस्टल रोडच्या कामात तिथली प्रवाळं उचलून दुसरीकडे लावली होती. ओहोटीला खडकांमधली डबकी बघायची हौस असेल तर 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या निसर्गप्रेमींच्या गटाच्या किनारा-सफरी असतात. बघा, पिशवीत भरू नका.

ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ चं, २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे आणि कुठल्याही कांदळवनात शिरून गळ टाकायचा विचार सोडा.

माहीमच्या खाडीत, जिथे मिठी नदी येऊन मिळते, किंवा नाल्याच्या तोंडाशी मिळालेला मासा मी खात नाही. तुटलेला तंगूस खिशात घालून घरी आणा. बगळ्याच्या पायात गुंतलेला तंगूस एकदा सोडवून बघा, पुन्हा कधी टाकणार नाही.

काही झालंच तर

पावसाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, जुहू-गिरगावच्या वाळूत निळे फुगे दिसतात, मागे लांब निळी दोरी असलेले. ते ब्लू बॉटल. मेलेलेही डसतात. मुलांना आधी हे सांगा. डसलं तर चोळू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे चिमट्याने काढा, मग सोसेल एवढ्या गरम पाण्यात तो भाग ठेवा. पाखटाचा काटा लागला तरीही गरम पाणीच, आणि नंतर डॉक्टर, कारण काट्याचा तुकडा आत राहतो. २०१३ च्या गणेश विसर्जनात गिरगावला कितीतरी जणांना असे डंख झाले होते. विसर्जनाला पाण्यात उतरणार असाल तर पाय न उचलता वाळूत घासत चाला. पाखट आधीच पळतं.

कोणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी मारू नका. बुडणारा गळ्याला मिठी मारतो. जीवरक्षकाला ओरडून बोलवा. तो येईपर्यंत तरंगणारं काहीही फेका. पाच लिटरचा रिकामा, झाकण घट्ट लावलेला कॅन असेल तर उत्तमच. लांब ओढणी, दोरी, गळाची काठी, काहीही पुढे करा, पण आधी पालथे झोपून करा, नाहीतर तुम्हीही ओढले जाल. बाहेर काढलेल्या माणसाचं पोट दाबून पाणी काढत बसू नका. श्वास चालू नसेल तर तोंडाने श्वास द्या आणि छाती दाबायला लागा. तो उठून बसला, बोलायला लागला, तरी दवाखान्यात न्याच.

फोनमध्ये हे नंबर आत्ताच घालून ठेवा: महापालिकेचा आपत्कालीन कक्ष १९१६, अग्निशमन दल १०१, रुग्णवाहिका १०८, तटरक्षक दल १५५४, आणि जखमी कासव किंवा दुसरा वन्यप्राणी दिसला तर वन विभागाचा १९२६. भाच्याने हे सगळे एकाच नावाखाली साठवलेत. नाव ठेवलंय "मामा पाणी".